मेद किती, यापेक्षा मेद कोठे?

धाराशिव जिल्ह्याची ओळख करून देताना पहिला शब्द येतो तो अवर्षणाचा. बालाघाटच्या डोंगररांगा, हलकी जमीन आणि बेभरवशाचा पाऊस हेच या प्रदेशाचे भांडवल. विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांची जी 'आकांक्षित' यादी केंद्र सरकारने २०१८ मध्ये केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी हा एक होता. अशा जिल्ह्यात लठ्ठपणाविषयी बोलणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. लठ्ठपणा हा मुंबई-पुण्याचा, बंगल्या-मोटारींचा रोग. ज्वारीच्या भाकरीवर आणि उन्हातान्हात राबणाऱ्या अंगावर मेद चढणार कोठून?

ही समजूत चुकीची आहे, आणि ती चूक महाग पडणारी आहे. ती चुकीची का, हे समजून घ्यायचे तर लठ्ठपणा म्हणजे वजन हे समीकरण आधी बाजूला ठेवावे लागेल. राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका आकड्यावरून देशातील माणसे सुखी आहेत की नाहीत हे कळत नाही. त्या उत्पन्नाची वाटणी कशी झाली आहे ते पाहावे लागते. शरीरातील मेदाचेही तसेच आहे. त्याची बेरीज किती यापेक्षा तो कोठे साठला आहे, हा प्रश्न आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. वजनकाटा फक्त बेरीज सांगतो. वाटणीबद्दल तो मुका असतो.

एका आकड्याने हे स्पष्ट होईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशभर जी मधुमेहाची मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन जास्त, या कसोटीवर प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक लठ्ठ ठरले. कमरेचा घेर जास्त, या कसोटीवर मात्र हे प्रमाण ३९.५ टक्के निघाले. म्हणजे शंभरात किमान अकरा माणसे अशी, की ज्यांना वजनकाटा निर्दोष ठरवतो आणि मोजपट्टी दोषी ठरवते. याच पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत, आणि त्या वाटेवर असलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख. इतकी माणसे केवळ बंगल्यांत राहत नाहीत, हे सांगायला अर्थशास्त्राची गरज नाही.

पेव आणि बळद

मेद हा मुळात शत्रू नव्हे. तो शरीराची बचत आहे. पूर्वी या भागात घरोघर ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत पेव असे, वाड्याच्या भिंतीत बळद असे, घरात कणगी असे. सुगीत भरायचे आणि पाऊस रुसला की त्यातून काढायचे. शरीरही हेच करते. यकृतात आणि स्नायूंत मिळून साखरेचा जो साठा असतो तो जेमतेम अर्धा किलो, म्हणजे एखाद्या दिवसाची बेगमी. मेदाचे तसे नाही. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारे ४ कॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम मेदापासून ९. शिवाय मेद साठवायला पाणी लागत नाही. १० किलो मेद अंगावर असलेला मनुष्य त्या बळावर महिनाभर तग धरू शकतो. दुष्काळ पचवून मानवजात टिकली ती या कोठारामुळेच.

हे कोठार म्हणजे पांढरा मेद. त्याच्या पेशी रबरी फुग्यासारख्या असतात. आत मेदाचा एकच मोठा थेंब भरत जातो आणि पेशी फुगत जाते. प्रौढ वयात या पेशींची एकूण संख्या बहुधा कायम राहते, असे २००८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. दर वर्षी त्यांतील सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. वजन उतरले तरी पेशी कमी होत नाहीत, त्या केवळ रिकाम्या होतात. घटलेले वजन पुन्हा चढायला वेळ का लागत नाही, याचे एक उत्तर येथे आहे: कणग्या मोडलेल्या नसतात, त्या फक्त उपड्या घातलेल्या असतात.

१९९४ पर्यंत शास्त्रज्ञही या कोठाराला निर्जीव वखार समजत होते. त्या वर्षी अमेरिकेतील जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. मेदपेशीच ते स्रवतात आणि साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देतात. तेव्हापासून मेद ही वखार नसून एक ग्रंथी आहे, ती सतत संदेश पाठवीत असते, ही दृष्टी रूढ झाली. आणि सर्व ठिकाणचा मेद सारखेच संदेश पाठवीत नाही, हेही त्याबरोबर ध्यानात आले.

कातडीखालचा आणि पोटातला

मांड्या, नितंब, दंड येथे कातडीखाली साठणारा मेद हा स्वभावाने सौम्य. स्त्रीच्या शरीरात तो तारुण्यात वाढतो तो गर्भारपण आणि अंगावरचे दूध यांची तरतूद म्हणून. पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठणारा मेद मात्र वेगळ्या जातीचा. त्याचा लवकर द्रव होतो, आणि तेथून निघालेली स्निग्धाम्ले आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून मोठ्या प्रमाणावर थेट यकृतात पोचतात. यकृत मेदाने भरले की ते इन्शुलिनला दाद देईनासे होते. रक्तातील साखर आणि चरबी दोन्ही वाढतात. फुगून तट्ट झालेल्या पेशींभोवती दाह सुरू होतो आणि त्याचे परिणाम रक्तवाहिन्यांपर्यंत जातात.

फ्रान्समधील मार्सेय येथील डॉक्टर झाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच हा भेद नोंदला होता. लठ्ठ माणसांपैकी मधुमेह आणि हृदयविकार होतो तो प्रामुख्याने ज्यांचा मेद कमरेच्या वर साठतो त्यांना, असे त्यांचे निरीक्षण होते. ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले, कारण वजन मोजणे सोपे होते. जे मोजायला सोपे तेच महत्त्वाचे मानण्याची खोड केवळ सरकारी खात्यांनाच असते असे नाही.

कातडीखालचा मेद उणा असणे हे चांगलेच, असे वाटेल. पण या प्रश्नातील सर्वात शिकवणारी गोष्ट नेमकी उलट आहे. काही थोड्या माणसांत जन्मतःच मेदपेशी जवळजवळ नसतात. ती शिडशिडीत दिसतात. परंतु त्यांना तीव्र मधुमेह होतो आणि त्यांचे यकृत मेदाने भरलेले असते. अशाच मेदहीन उंदरांच्या अंगात २००० साली निरोगी मेदाचे रोपण करण्यात आले, तेव्हा त्यांचा मधुमेह मावळला. उलट २००४ मध्ये अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरील कातडीखालचा सुमारे १० किलो मेद शस्त्रक्रियेने शोषून काढला, तरी त्यांच्या इन्शुलिनच्या कार्यात काहीच सुधारणा दिसली नाही. वजन घटले, धोका जागच्या जागी राहिला.

याचा अर्थ पेवाच्या उपमेने सांगता येईल. पेव मोठे असेल तर कितीही पीक येवो, ते सुरक्षित राहते. पेव लहान असेल तर थोडेसे जास्त पीक आले तरी पोती ओसरीत येतात, मग स्वयंपाकघरात, मग माजघरात. तेथे ओल लागते, उंदीर लागतात आणि घरात वावरणे कठीण होते. कातडीखालची जागा भरली की उरलेला मेद पोटात, यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात जातो. ब्रिटनमधील रॉय टेलर यांनी यालाच प्रत्येक व्यक्तीची स्वतःची मेदमर्यादा म्हटले आहे. कोणाची मर्यादा ९० किलो वजनाला येते, कोणाची ६० ला. भारतीयांची ती बरीच लवकर येते, आणि येथे ही कथा महाराष्ट्रात येऊन पोचते.

तत्पूर्वी मेदाच्या आणखी एका प्रकाराचा उल्लेख केला पाहिजे. तपकिरी मेद ऊर्जा साठवीत नाही. तो जाळून ऊब निर्माण करतो. उस्मानाबादी शेळीचे नुकते जन्मलेले करडू माघातल्या पहाटे गारठून मरत नाही ते बऱ्याच अंशी या मेदामुळे. माणसाच्या तान्ह्या मुलातही तो खांद्याच्या पात्यांमध्ये असतो. मोठ्या माणसांत तो उरत नाही अशी समजूत होती. २००९ मध्ये तीन स्वतंत्र संशोधनांनी ती मोडून काढली. प्रौढांत मानेजवळ आणि गळपट्टीच्या हाडावर तो थोड्या प्रमाणात आढळतो आणि थंडीत कामाला लागतो. पांढऱ्या मेदात विखुरलेला बदामी रंगाचा तिसरा प्रकारही त्यानंतर ओळखला गेला. या मेदाला चेतवून लठ्ठपणा हटवण्याची स्वप्ने अनेकांनी पाहिली. पण त्याचा साठा इतका अल्प असतो की तूर्त त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पुण्याजवळची सहा गावे

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांचे एकत्र छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा उंचीला वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, म्हणजे पाश्चात्त्य मापाने दोघेही सुदृढ. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के निघाले आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. वजनकाट्याचा मुकेपणा याहून बोलक्या रीतीने सांगणे कठीण आहे.

हा फरक कोठून येतो, याचा शोध याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घेत आले आहेत. शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांची नोंद त्यांना दिवस जाण्यापूर्वीपासून ठेवली गेली. या माता सरासरी ४२ किलो वजनाच्या; त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इतक्या लहान बाळाच्या अंगावर मेद कोठून असणार? पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनी विलक्षण गोष्ट दाखवली. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव इंग्रज बाळांच्या मानाने फारच लहान होते. पाठीवरील कातडीखालचा मेद मात्र जवळजवळ तितकाच टिकून होता. पुढे चुंबकीय चित्रणाने पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बाळांची तुलना झाली, तेव्हा लहानखुऱ्या भारतीय बाळांच्या पोटातील मेद अधिक असल्याचेच दिसले. ज्याला आपण काडीपहिलवान म्हणतो, तो जन्मतःच आतून मेदस्वी असतो, असे हे चित्र आहे.

गर्भाला पोषण अपुरे पडते तेव्हा तो काटकसर करतो. मेंदू वाचवतो, थोडा मेद राखतो आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांवर कात्री चालवतो. टंचाईचे अंदाजपत्रक असेच असते: आजचा दिवस निभावण्यासाठी उद्याच्या भांडवलावर घाला. हे बाळ पुढे टंचाईतच वाढले तर ते निभावून नेते. पण त्याच्या पुढ्यात नंतर सुबत्ता आली, तर अपुऱ्या स्नायूंना साखर जाळता येत नाही, अपुऱ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन पुरवता येत नाही, आणि जास्तीचा प्रत्येक घास पोटात जाऊन बसतो.

बहात्तरची मुले

आता धाराशिवकडे पुन्हा वळू. १९७२ च्या दुष्काळात तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, ज्यात लातूरही होते, होरपळून निघाला. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्त्यांची खडी फुटली, पाझर तलावांची माती वाहिली गेली, आणि त्या हातांमध्ये गरोदर स्त्रियांचेही हात होते. कामावर सुकडी मिळे, रेशनवर तांबडी मिलो मिळे. सरकारने आणि लोकांनी मिळून भूकबळी मोठ्या प्रमाणावर टाळले, हे त्या काळाचे खरोखर मोठे यश होय. परंतु जगणे आणि पुरते पोसले जाणे यांत अंतर असते. त्या वर्षी मातेच्या उदरात असलेली मुले आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी केलेल्या कोंडीमुळे उपासमार झाली. त्या वेळी गर्भात असलेल्या मुलांची पाहणी तेथील शास्त्रज्ञ अनेक दशके करीत राहिले. पन्नाशीच्या सुमारास त्यांच्या रक्तातील साखर इतरांपेक्षा अधिक आढळली. हा निष्कर्ष मराठवाड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. तेथे भूक काही महिन्यांची होती आणि पुढे लगेच मुबलकता आली. येथे टंचाई पिढ्यान् पिढ्यांची होती. पण म्हणूनच येथील प्रश्न अधिक खोल आहे. पुण्यात उंदरांना सलग ५० पिढ्या अर्धपोटी ठेवून झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोन पिढ्या पोटभर अन्न देऊनही त्या उंदरांची मधुमेहाकडे झुकणारी प्रकृती पालटली नाही. माणूस उंदीर नव्हे. तरी पोट भरले की भुकेचा इतिहास पुसला जातो, ही आपली भाबडी समजूत तपासून पाहायला हा प्रयोग पुरेसा आहे.

बहात्तरच्या मुलांच्या भोवतालचे जग मात्र एका आयुष्यात पालटले. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, पायवाटेच्या जागी फटफटी आली. ज्वारीच्या शिवारात ऊस उभा राहिला. त्यांतील जो शिकला तो मास्तर झाला किंवा कचेरीत लागला. त्याचे वजन आजही ६० किलोच असेल. हातपाय बारीक, फक्त पट्ट्याचे भोक दर दोन वर्षांनी पुढे सरकते. घरचे म्हणतात, जरा अंग धरले आहे. तालुक्याच्या दवाखान्यात वजन पाहून कोणी काही बोलत नाही. एक दिवस पायाची जखम भरत नाही म्हणून तपासणी होते, आणि साखर बाहेर येते. ती कदाचित दहा वर्षांपासून तेथे असेल. कमावत्या माणसाच्या वाट्याला पन्नाशीत आलेला हा रोग मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि दीड एकर जमीन यांचा हिशेब एकदम बिघडवून टाकतो. दारिद्र्यातून वर आलेले घर पुन्हा खाली ढकलणारी जी कारणे आहेत, त्यांत आजारपणाचा क्रम फार वरचा आहे.

पट्टी, पाय आणि पातेले

यावर उपाय आहेत, आणि ते खर्चिक नाहीत. पहिला उपाय मोजमापाचा. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. तिशीपुढील प्रत्येकासाठी आशा कार्यकर्तीने भरायच्या तपासणीपत्रकात या मापाला स्वतंत्र रकाना आहे. तो रकाना अंदाजाने भरला गेला तर पत्रक पूर्ण होईल आणि रोग सुटेल. एक पट्टी, एक मिनिट आणि मोजणाऱ्या हाताला त्याचा अर्थ कळणे, एवढेच येथे हवे.

दुसरा उपाय शरीरश्रमाचा. पोटातला मेद जसा चटकन चढतो तसा तो आधी उतरतोही. नियमित भरभर चालण्याने वजन फारसे घटले नाही तरी हा मेद घटतो; आणि वजनाचा दहावा हिस्सा उतरला तर यकृतातील मेद पुष्कळच कमी होतो. वजनकाटा हलला नाही म्हणून निराश होऊन चालणे सोडणाऱ्यांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. ज्या मेदापासून धोका आहे त्याचा हिशेब काट्यावर नव्हे, पट्ट्याच्या भोकावर लिहिला जातो.

परंतु हे दोन्ही उपाय झाले आजच्या पन्नाशीतल्या माणसांसाठी. मूळ प्रश्न पुढच्या पन्नाशीचा आहे. आजही या जिल्ह्यातून दर वर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात, आणि त्यांत डोक्यावर मोळी घेऊन ट्रक भरणाऱ्या गरोदर स्त्रिया असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या आढळल्या. हे दोन वेगळे रोग आहेत असे मानून आपण त्यांच्यासाठी दोन वेगळी खाती उघडतो. पुण्याजवळची सहा गावे सांगतात की ही एकाच खातेवहीची जमा आणि नावे आहेत. आज जी मुलगी अशक्त राहील, तिच्या पोटी उद्याचा मधुमेही वाढेल.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांना दिवस जाण्याआधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ दिला गेला. तो खाणाऱ्यांत गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के राहिले, इतरांत १२.४ टक्के. पुण्याच्या अभ्यासातही असे दिसले की ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वात जास्त होती. गरोदरपणात दिली जाणारी गोळी नको, असा याचा अर्थ नव्हे. गोळीबरोबर दूध-दही, अंडे, पालेभाजी हवी आणि ती लग्नाआधीपासून हवी, एवढाच त्याचा अर्थ. भूमच्या भट्ट्यांवर ज्या जिल्ह्याच्या दुधाचा खवा होऊन तो दूरदूरच्या बाजारांत जातो, त्या जिल्ह्यातील शाळकरी मुलीच्या वाट्याला रोज पेलाभर दूध येते काय, हा प्रश्न अर्थशास्त्राचाही आहे आणि आरोग्याचाही.

अडचण एकच आहे. या गुंतवणुकीचे फळ पन्नास वर्षांनी मिळते आणि अंदाजपत्रक दर वर्षी मांडावे लागते. पाझर तलाव बांधला की त्याचे छायाचित्र काढता येते. मुलीच्या दंडावर चढलेल्या स्नायूचे काढता येत नाही. बहात्तर साली या जिल्ह्याने पाणी कोठे आणि कसे अडवावे याचा धडा घेतला. अन्नाचाही तोच धडा आहे. ते किती आले यावर सारे अवलंबून नसते. कोणाच्या ताटात, कोणत्या वयात आणि कशाच्या रूपाने आले, यावर ते शरीरात बळ होऊन राहणार की पोटात ओझे होऊन, हे ठरत असते.